जेडीके इन्स्टॉल करताना : विंडोज, मॅक आणि उबुंटूसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

जत तालुक्यातल्या गावातून पदविकेसाठी मी सांगलीला आले, तेव्हा जावा शिकण्याआधी जावा लॅपटॉपवर बसवण्यातच माझे तीन दिवस गेले. इन्स्टॉलरने काम पूर्ण झाल्याचे सांगितले होते, सी ड्राइव्हमध्ये फोल्डरही दिसत होता, पण कमांड लिहिली की संगणक ती ओळखतच नव्हता. नेमके काय राहिले आहे हे कळल्यावर दुरुस्तीला पाच मिनिटेही लागली नाहीत. आता दर रविवारी सकाळी विश्रामबागेतल्या माझ्या घरी पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले-मुली लॅपटॉप घेऊन येतात; आटपाडी किंवा खटावहून ज्यांना येणे जमत नाही, त्यांना मी फोनवर एकेक कमांड सांगते. त्यांच्यापैकी बहुतेक जण माझ्याच जुन्या जागी अडकलेले असतात, म्हणून हे सगळे एकदा सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. जेडीके, म्हणजे जावा डेव्हलपमेंट किट हा जावात प्रोग्राम लिहिण्याचा साधनसंच, इन्स्टॉल करणे ही दोन कामे आहेत : साधनसंच आणून जागेवर ठेवणे हे पहिले, आणि तो कोठे ठेवला आहे हे संगणकाला सांगणे हे दुसरे. इन्स्टॉलर पहिले काम नेहमी करतो. दुसरे तो कधी पूर्ण करतो, कधी अर्धे करतो आणि कधी करतच नाही. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी या दुसऱ्या कामातल्या आहेत.

कमांड मी फोनवर सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे येथे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत (जेथे मोठे अक्षर सांगितले आहे तेवढे सोडून) आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात. 'जावा' म्हणजे जे, ए, व्ही, ए. 'जावासी' म्हणजे त्याच चार अक्षरांना जोडून सी. संगणकावर मराठी कळफलक चालू असेल तर तो आधी बदलून घ्यावा.

१. जेडीके म्हणजे काय, आणि जेआरई म्हणजे काय नव्हे

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली आणि १९९५ मध्ये जगासमोर आली; २०१० मध्ये ऑरेकलने सन कंपनी विकत घेतली. या भाषेत लिहिलेला प्रोग्राम नुसता चालवायचा असेल तर जेआरई (जावा रनटाइम एन्व्हायर्नमेंट) पुरते. प्रोग्राम स्वतः लिहून तो संगणकाला समजेल अशा रूपात आणायचा असेल तर कंपायलर लागतो, आणि कंपायलर असतो जेडीकेमध्ये. 'जावासी' ही कमांड म्हणजेच तो कंपायलर.

नवख्यांची पहिली फसगत इथेच होते. शोधपेटीत 'जावा डाउनलोड' असे लिहिले की जावा डॉट कॉम हे संकेतस्थळ वर दिसते. ते अधिकृतच आहे. परंतु तिथे मिळते ती जावा ८ ची, केवळ प्रोग्राम चालवणारी आवृत्ती. ती बसवली की 'जावा' कमांड चालते, 'जावासी' मात्र सापडत नाही, आणि विद्यार्थी दिवसभर सेटिंग्ज उलटसुलट करत बसतो. जे डाउनलोड करत आहात त्याच्या नावात जेडीके ही तीन अक्षरे आहेत ना, एवढे आधी पाहावे.

२. कोणती आवृत्ती आणि कोणाची

जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. त्यांपैकी काही आवृत्त्यांना दीर्घकाळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतात आणि शिकणाऱ्याने त्यांतलीच एक घ्यावी. मार्च २०१४ ची ८, सप्टेंबर २०१८ ची ११, सप्टेंबर २०२१ ची १७, सप्टेंबर २०२३ ची २१ आणि सप्टेंबर २०२५ ची २५ या त्या दीर्घकालीन आवृत्त्या होत. महाविद्यालयाने विशिष्ट आवृत्ती सांगितली असेल तर तीच घ्यावी, कारण प्रात्यक्षिक परीक्षा त्याच संगणकांवर होते. कोणी काही सांगितले नसेल तर मी २१ सुचवते, कारण बहुतेक साधने आणि शिकवण्याचे साहित्य तिच्याशी जुळलेले आहे. पुढची उदाहरणे २१ धरूनच दिली आहेत.

'कोणाची' हा प्रश्न अनेकांना नवा वाटतो. जावाचा मूळ स्रोत ओपनजेडीके या नावाने मुक्त आहे आणि त्यापासून अनेक संस्था आपापला जेडीके बांधून देतात : ऑरेकल स्वतः देते, इक्लिप्स फाउंडेशनच्या ॲडॉप्टियम प्रकल्पाचा टेमुरिन आहे, ॲमेझॉनचा कोरेटो आहे, मायक्रोसॉफ्टचाही एक आहे. अभ्यासक्रमातल्या प्रोग्रामसाठी यांच्यात फरक पडत नाही. मी टेमुरिन वापरते, कारण तो मुक्त परवान्याखाली आहे आणि पुढे एखाद्या व्यवसायात वापरला तरी शुल्काचा प्रश्न येत नाही. ऑरेकलच्या जेडीकेच्या परवान्याच्या अटी आवृत्तीनुसार वेगळ्या आहेत; शिकण्यासाठी तो विनाशुल्क आहे, पण दुकान किंवा कारखान्याच्या कामासाठी घेणार असाल तर त्या अटी वाचून मगच घ्यावा.

टेमुरिन ॲडॉप्टियम डॉट नेट या पत्त्यावर मिळतो. पत्ता ब्राउझरच्या पट्टीत स्वतः टाइप करावा. शोधनिकालांत वर येणाऱ्या जाहिरातींतून किंवा 'फ्री सॉफ्टवेअर' देणाऱ्या तिसऱ्याच संकेतस्थळावरून जेडीके घेऊ नये.

३. सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवे

• संगणक ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, आणि त्याचा प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे, याची माहिती.
• संगणकाच्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड. भावाचा किंवा वडिलांचा संगणक असेल तर तो आधी विचारून ठेवावा.
• डाउनलोडसाठी साधारण दोनशे एमबी डेटा आणि डिस्कवर किमान एक जीबी मोकळी जागा.
• कमांडची उत्तरे लिहून ठेवण्यासाठी एक वही. अडचण आली की फोनवर हीच उत्तरे उपयोगी पडतात.

विंडोजवर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या क्रमाने गेले की 'सिस्टिम टाइप' या ओळीत ६४ बिट की ३२ बिट ते दिसते. ओळ ६४ बिट सांगत असेल आणि तीत 'एक्स ६४' असेल तर डाउनलोड पानावर एक्स ६४ निवडावे. 'आर्म' असे लिहिले असेल तर 'ए-आर्च ६४' निवडावे. घरात एखादा फार जुना ३२ बिटचा संगणक असेल तर त्यावर जावा ८ चा ३२ बिट जेडीके घ्यावा. ओपनजेडीकेने २४ व्या आवृत्तीपासून ३२ बिट विंडोजचा आधार काढूनच टाकला आहे.

गावाकडे रेंज नीट नसेल तर विंडोज आणि मॅकचा इन्स्टॉलर सांगलीत किंवा साताऱ्यात डाउनलोड करून पेनड्राइव्हवर नेता येतो. इन्स्टॉल करताना इंटरनेट लागत नाही. फाइल अर्धवट उतरली आहे का, हे मात्र तपासून घ्यावे. डाउनलोड पानावर प्रत्येक फाइलसोबत 'शा २५६' या नावाने अक्षरे आणि अंक मिळून ६४ चिन्हांची एक ओळ दिलेली असते. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, 'सर्टयुटिल', जागा, हायफन लावून 'हॅशफाइल', जागा, फाइलचे नाव, जागा आणि शेवटी 'शा२५६' असे लिहिले की तशीच ओळ मिळते. दोन्ही ओळी अगदी एकसारख्या असतील तरच फाइल पूर्ण आहे. एकदा डाउनलोडच्या मध्येच वीज गेली आणि तीच अर्धी फाइल आम्ही चार लॅपटॉपवर फिरवत बसलो होतो. तेव्हापासून मी ही तपासणी टाळत नाही.

४. विंडोजवर इन्स्टॉल करणे

ॲडॉप्टियमच्या पानावर विंडोज, एक्स ६४, जेडीके, २१ अशी निवड करून 'एमएसआय' प्रकारची फाइल घ्यावी. झिप फाइलही तिथेच असते. तिचा उपयोग सहाव्या पायरीत सांगितला आहे.

एमएसआय फाइलवर दोनदा क्लिक केले की नेहमीसारखे 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाण्याचा मोह होतो. 'कस्टम सेटअप' हे पान आले की मात्र थांबावे. तिथे काही पर्यायांची यादी दिसते. 'ॲड टू पाथ' हा पर्याय आधीच निवडलेला असतो (पाथ आणि जावा-होम म्हणजे काय ते पाचव्या पायरीत सांगितले आहे). 'जावा-होम' ठरवण्याचा पर्याय सहसा बंद, म्हणजे लाल फुलीसह असतो. त्यावर क्लिक करून 'लोकल हार्ड ड्राइव्हवर इन्स्टॉल होईल' या अर्थाची ओळ निवडावी आणि फुली गेल्याची खात्री करून पुढे जावे. हा एक क्लिक केला की पाचव्या पायरीतले बहुतेक कष्ट वाचतात.

जेडीके कोठे ठेवायचा ती जागा बदलू नये. ज्यांच्या विंडोज खात्याचे नाव देवनागरीत आहे, त्यांनी तर आपल्या खात्याच्या फोल्डरात जेडीके मुळीच ठेवू नये, कारण मार्गात देवनागरी अक्षरे किंवा मोकळी जागा आली की काही जुनी साधने अडतात. इन्स्टॉलर स्वतःहून निवडतो त्या 'प्रोग्राम फाइल्स'च्या नावातही मोकळी जागा आहे, पण विंडोजवरच्या साधनांना ती सवयीची असते.

इन्स्टॉल झाल्यावर कमांड प्रॉम्प्टची आधी उघडलेली खिडकी बंद करून नवी उघडावी. ही सूचना किरकोळ वाटते, पण हिच्यामुळे अनेकांचे काम अडलेले मी पाहिले आहे : खिडकी उघडते त्या क्षणी ती पाथ ही पत्त्यांची यादी वाचून घेते, आणि नंतर यादीत झालेला बदल त्या खिडकीपर्यंत पोहोचतच नाही. नव्या खिडकीत 'जावा', जागा, हायफन, 'व्हर्जन' असे टाइप करावे. मग तसेच 'जावासी' घेऊन करावे. दोन्ही उत्तरांत २१ ने सुरू होणारा आकडा आला पाहिजे. जावा ८ असेल तर उत्तर '१.८' ने सुरू होते. ती जुनी पद्धत आहे, वेगळी आवृत्ती नव्हे.

५. पाथ आणि जावा-होम : येथे घाई करू नये

'जावासी इज नॉट रेकग्नाइज्ड' अशी ओळ आली तर जेडीके बसलाच नाही असे समजून तो पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करू नये. तो बसलेला असतो. संगणकाला त्याचा पत्ता माहीत नसतो.

पाथ म्हणजे फोल्डरांची क्रमवार यादी. एखाद्या गावात शिंदे आडनावाची चार घरे आहेत आणि नव्या पोस्टमनला गल्ल्यांचा क्रम लिहून दिला आहे, असे समजा. पत्रावर फक्त 'शिंदे' एवढेच असेल तर तो यादीतल्या पहिल्या गल्लीपासून सुरुवात करील आणि जे पहिले शिंद्यांचे घर लागेल तिथे पत्र देऊन परत फिरेल. पुढच्या गल्लीत खरे घर असले तरी तो तिथवर जाणार नाही. यादीतल्या एकाही गल्लीत शिंदे नसतील तर पत्र परत येईल. 'जावासी' असे आपण टाइप करतो तेव्हा संगणक याच रीतीने यादीतले फोल्डर एकामागून एक पाहतो.

जावा-होम ही वेगळी गोष्ट आहे. तो एकाच जागेचा पक्का पत्ता असतो आणि मेवन, ग्रेडल, टॉमकॅट यांसारखी जावाचे प्रकल्प बांधणारी किंवा चालवणारी साधने जेडीके शोधण्यासाठी तो वाचतात.

हे दोन्ही हाताने ठरवायचे असेल तर विंडोजची कळ दाबून 'एन्व्हायर्नमेंट' असे टाइप करावे, 'एडिट द सिस्टिम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' उघडावे आणि खालचे 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' हे बटण दाबावे. वरची यादी तुमच्या खात्याची, खालची संपूर्ण संगणकाची. खालच्या यादीत 'न्यू' दाबून नावाच्या जागी जावा, अंडरस्कोर, होम असे सगळे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि किंमतीच्या जागी जेडीकेच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग द्यावा. तो मार्ग स्वतः टाइप करू नये. फाइल एक्सप्लोररमध्ये प्रोग्राम फाइल्स, त्यात इक्लिप्स ॲडॉप्टियम, त्यात जेडीकेचा फोल्डर उघडून वरच्या पट्टीतून मार्ग कॉपी करावा. त्या फोल्डरात 'बिन' नावाचा आणखी एक फोल्डर दिसेल. जावा-होममध्ये बिन येता कामा नये.

त्यानंतर त्याच खालच्या यादीतली 'पाथ' ही ओळ निवडून 'एडिट', मग 'न्यू' दाबावे आणि टक्केचिन्ह, मोठ्या अक्षरांतले जावा-होम, टक्केचिन्ह, उलटी तिरकी रेघ, बिन असे लिहावे. येथे मात्र बिन हवेच. ही ओळ 'मूव्ह अप' वापरून सर्वांत वर न्यावी आणि तिन्ही खिडक्यांत 'ओके' दाबून बाहेर पडावे.

या पायरीवर दोन इशारे कळकळीने देते. पहिला : पाथमधल्या इतर ओळी पुसू नयेत. जुन्या विंडोजमध्ये ही सारी यादी एकाच लांब ओळीत दिसते आणि नवे लिहिताना जुने सगळे निवडले जाऊन नाहीसे होते. मग इतर प्रोग्रामही सापडेनासे होतात. बदल करण्यापूर्वी ती ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये जपून ठेवावी. दुसरा : 'सेटएक्स' या कमांडने पाथ बदलण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळतो. ही कमांड १०२४ अक्षरांपुढचा भाग कापून टाकते. पाथ लांब असेल तर यादीचा शेपटाकडचा भाग कायमचा जातो, आणि तो काय होता हे परत मिळवण्याचा सोपा मार्ग नसतो. पाथसाठी ती वापरू नये.

६. लॅबच्या संगणकावर अधिकार नसतील तर

अशा वेळी झिप फाइल घ्यावी आणि ती डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर उलगडावी. तो पूर्ण जेडीके असतो. त्याला इन्स्टॉल करावे लागत नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सेट', जागा, 'पाथ', बरोबरचे चिन्ह, उलगडलेल्या फोल्डरातल्या बिनचा मार्ग, अर्धविराम, आणि टक्केचिन्हांच्या मध्ये पुन्हा 'पाथ' असे लिहावे. हा बदल फक्त त्या खिडकीपुरता असतो आणि ती बंद केली की जातो, त्यामुळे दुसऱ्यांच्या कामाला धक्का लागत नाही.

आपल्या खात्याच्या वरच्या यादीत पाथ बदलूनही हे साधेल असे वाटते, पण विंडोज आधी संपूर्ण संगणकाची यादी वाचते आणि मग खात्याची. लॅबमध्ये जुना जावा आधीच बसवलेला असेल तर तोच पहिल्यांदा सापडेल. म्हणून खिडकीपुरता बदलच येथे योग्य.

७. मॅकवर

ॲपल मेनूतून 'अबाउट धिस मॅक' उघडावे. 'चिप' या ओळीत ॲपल एम १ किंवा त्यापुढचे नाव असेल तर 'ए-आर्च ६४', आणि 'प्रोसेसर' या ओळीत इंटेलचे नाव असेल तर 'एक्स ६४' निवडून 'पीकेजी' प्रकारची फाइल घ्यावी. चुकून इंटेलची घेतली तर ॲपलच्या चिपवर ती रोझेटा या ॲपलच्या भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने चालते, पण संथ चालते आणि चूक लक्षातही येत नाही.

मॅकवर जेडीके लायब्ररी, जावा, 'जावा व्हर्च्युअल मशिन्स' या फोल्डरात जातो आणि पाथ सहसा बदलावा लागत नाही, कारण 'जावा' आणि 'जावासी' या नावांचे छोटे दुवे मॅकमध्ये मुळातच असतात व ते या फोल्डरात जाऊन जेडीके शोधतात. जेडीके नसताना कमांड दिली तर 'अनेबल टू लोकेट अ जावा रनटाइम' असे उत्तर येते, ते याच दुव्याकडून.

जावा-होम ठरवण्यासाठी मॅकमध्येच एक साधन आहे : तिरकी रेघ, यूएसआर, तिरकी रेघ, लिबएक्झेक, तिरकी रेघ, जावा अंडरस्कोर होम. त्याला जागा, हायफन आणि मोठे व्ही जोडले की बसलेल्या सर्व जेडीकेंची यादी मिळते. लहान व्ही, जागा आणि २१ जोडले की त्या आवृत्तीचा मार्ग मिळतो. तो मार्ग होम फोल्डरातल्या 'डॉट झेडएसएचआरसी' या फाइलमध्ये 'एक्सपोर्ट' या शब्दाने जावा-होमला द्यावा. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकचा टर्मिनल, म्हणजे कमांडची खिडकी, झेडशेल वापरतो. जुन्या लेखांत सांगितलेल्या 'बॅश प्रोफाइल'मध्ये लिहिले तर काहीच परिणाम होत नाही.

होमब्रू हे टर्मिनलवरून सॉफ्टवेअर बसवणारे साधन वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : होमब्रूने आणलेला ओपनजेडीके मॅकच्या त्या दुव्यांना आपोआप दिसत नाही. इन्स्टॉल संपताना तो टर्मिनलवर एक जोडणीची कमांड छापतो. ती वाचून चालवावी लागते.

८. उबुंटूवर

टर्मिनलमध्ये आधी 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनजेडीके-२१-जेडीके' अशा दोन कमांड द्याव्यात. दुसरीतले शेवटचे नाव हायफनसह एकसंध लिहायचे आहे. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कळफलक बंद पडला असे समजून कितीतरी जण तिथेच थांबतात. पासवर्ड पूर्ण टाइप करून एंटर दाबावे. पॅकेज सापडत नाही असे उत्तर आले तर बहुधा पहिली कमांड राहिलेली असते.

नावाच्या शेवटी जेडीकेऐवजी जेआरई लिहिले तर पहिल्या पायरीतलीच अडचण येथेही येते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये हा फरक 'डेव्हल' या शब्दाने दाखवतात. तो नावात नसेल तर कंपायलर येत नाही.

९. पहिला प्रोग्राम चालवून पाहणे

आवृत्तीचा आकडा दिसला म्हणजे काम झाले असे मानू नये. एक प्रोग्राम कंपाइल होऊन चालला पाहिजे. 'नमस्कार' नावाचा, म्हणजे इंग्रजीत मोठ्या एनने सुरू होणारा क्लास लिहावा आणि फाइलचे नावही अक्षर न् अक्षर तेच ठेवून शेवटी 'डॉट जावा' लावावे. क्लास 'पब्लिक' असेल आणि नावात एका अक्षराचा, अगदी लहान-मोठ्याचा फरक असेल तरी कंपायलर फाइल नाकारतो.

विंडोजचे नोटपॅड फाइलला गुपचूप 'डॉट टीएक्सटी' जोडते. सेव्ह करताना 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडावे आणि एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून फाइलनावांचे शेपूट दिसेल अशी सोय कायमची करून घ्यावी.

फाइल असलेल्या फोल्डरात जाऊन 'जावासी', जागा, फाइलचे पूर्ण नाव लिहावे. काहीच उत्तर आले नाही तर कंपायलरला चूक सापडली नाही, असा अर्थ. मग 'जावा', जागा आणि फक्त क्लासचे नाव लिहावे. येथे 'डॉट क्लास' जोडले तर मुख्य क्लास सापडत नाही अशी तक्रार येते.

व्हॉट्सॲपवर आलेला किंवा वर्डमधून घेतलेला प्रोग्राम कॉपी करू नये. वाटेत साधी अवतरणचिन्हे वळणदार होतात, हायफनची लांब रेघ होते; डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण कंपायलर 'इल्लीगल कॅरेक्टर' म्हणून थांबतो. कमांडच्या बाबतीतही हेच घडते.

प्रोग्राममधून मराठी मजकूर छापावा अशी इच्छा बहुतेकांना होते आणि तिथे प्रश्नचिन्हे उमटली की हिरमोड होतो. जावाच्या १८ व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच मूलभूत संकेतन, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, आहे. विंडोजची कमांड खिडकी मात्र जुन्या संकेतनावर असू शकते. प्रोग्राम चालवण्याआधी सी, एच, सी, पी, जागा आणि ६५००१ अशी कमांड द्यावी आणि जुन्या खिडकीऐवजी विंडोज टर्मिनल वापरावा. जोडाक्षरे तरीही तुटक दिसू शकतात. तो खिडकीचा दोष आहे, तुमच्या प्रोग्रामचा नाही. मॅक आणि उबुंटूवर ही कमांड लागत नाही.

१०. एकाच संगणकावर दोन जावा

घरी २१ वर कंपाइल केलेली क्लास फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मी एकदा प्रात्यक्षिकाला गेले होते. लॅबमध्ये जावा ८ होता. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' अशी चूक आली, सोबत ६५ आणि ५२ हे दोन आकडे होते, आणि ते कशाचे आहेत हे तिथे सांगणारे कोणी नव्हते. त्यांचा अर्थ साधा आहे : जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवले की क्लास फाइलचा आकडा येतो. २१ साठी ६५, १७ साठी ६१, ८ साठी ५२. जुन्या जावाला नवी फाइल वाचता येत नाही. अशा वेळी शक्यतो मूळ 'डॉट जावा' फाइलच सोबत न्यावी आणि तिथेच कंपाइल करावी. ते शक्य नसेल तर घरी कंपाइल करताना 'जावासी'नंतर दोन हायफन, 'रिलीज', जागा, ८ असे लिहून मग फाइलचे नाव द्यावे. २१ चा कंपायलर ८ बद्दल इशारा देतो, पण काम करतो.

आपल्याच संगणकावर कोणता जावा पुढे येतो हे पाहायचे असेल तर विंडोजवर 'व्हेअर जावा' आणि मॅक-उबुंटूवर 'विच', जागा, हायफन ए, जागा, 'जावा' अशी कमांड द्यावी. यादीतला पहिला मार्ग म्हणजे पोस्टमन थांबतो ते घर. 'जावा' आणि 'जावासी' दोन्हींसाठी ही तपासणी करावी, कारण एक जुन्याकडे आणि दुसरा नव्याकडे जात असेल तर वरची चूक स्वतःच्याच संगणकावर येते. विंडोजवर ऑरेकलचा जुना जावा असेल तर त्याचा 'जावापाथ' नावाचा फोल्डर यादीत बराच वर बसलेला आढळतो. आपली ओळ त्याच्याही वर न्यावी. उबुंटूवर 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज', जागा, दोन हायफन, 'कॉन्फिग', जागा, 'जावा' असे लिहून क्रमांक निवडता येतो; 'जावासी'साठी तेच पुन्हा करावे लागते.

जुना जावा काढून टाकण्याआधी घरच्यांना विचारावे. वडिलांची ठेकेदारी असेल, किंवा संगणक सोसायटीच्या अथवा दुकानाच्या कामाचा असेल, तर ई-निविदेच्या डिजिटल स्वाक्षरीसारख्या कामांना कधीकधी जावा ८ लागतो. दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरांत सुखाने नांदतात. प्रश्न फक्त क्रमाचा असतो.

११. संपादक नंतर

व्हीएस कोड, इक्लिप्स, इंटेलिजे हे प्रोग्राम लिहिण्याचे संपादक चांगले आहेत. परंतु कमांड खिडकीत प्रोग्राम चालल्याशिवाय ते उघडू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ब्लूजे स्वतःचा जेडीके सोबत आणतो, इंटेलिजे स्वतः डाउनलोड करून देऊ शकतो. त्यामुळे तिथे प्रोग्राम चालतो आणि बाहेर 'जावासी' सापडत नाही, आणि विद्यार्थ्याला आपल्या संगणकावर नक्की काय आहे तेच कळत नाही. संपादकात नवा प्रकल्प उघडताना जेडीके विचारला की जावा-होममधलाच फोल्डर दाखवावा.

१२. अद्ययावत करताना

जेडीकेच्या सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात. उबुंटूवर त्या नेहमीच्या अपडेटबरोबर येतात. विंडोजवर टेमुरिनची नवी एमएसआय फाइल बसवली की फोल्डरचे नाव बदलते, कारण त्या नावात दुरुस्तीचा पूर्ण क्रमांक असतो. जावा-होम हाताने लिहिलेला असेल तर तो आता नसलेल्या फोल्डराकडे बोट दाखवत राहतो आणि कालपर्यंत चालणारे मेवन आज अडते. म्हणून प्रत्येक अद्ययावतीनंतर पाचव्या पायरीतली खिडकी उघडून जावा-होमचा मार्ग नव्या फोल्डराशी ताडून पाहावा आणि कमांड प्रॉम्प्टची नवी खिडकी उघडून 'जावा' व 'जावासी' दोन्हींची आवृत्ती पुन्हा विचारावी.